नारायण पेठेतला हॉल: नवा टीव्ही, मामाचा रिसीव्हर आणि मधल्या वायरी

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

टीव्ही ५५ इंची, ४के. बाबा २२ सप्टेंबरची वाट बघत थांबले होते, कारण त्या दिवसापासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मग दसऱ्याला मुहूर्तावर टीव्ही घरी आला. तीन दिवसांत आईची तक्रार: "चित्र छान आहे गं, पण माणसं काय बोलतात ते कळतच नाही. आणि मधेच ढॅणढॅण सुरू झालं की रिमोट शोधत धावावं लागतं."

आईचे कान ठीक आहेत, गेल्याच वर्षी तपासलेत. दोष पातळ टीव्हीचा आहे. स्पीकर खालच्या कडेला, तोंड जमिनीकडे. शिवाय सिनेमात संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर चॅनलमध्ये असतात. टीव्ही ५.१चे, म्हणजे पाच स्पीकर आणि एका खर्जाच्या सबवूफरसाठी वेगळे केलेले, सगळे चॅनल दोन स्पीकरांत कोंबतो, आणि संवाद पार्श्वसंगीताखाली गाडले जातात.

माझी योजना साधी आहे. मामाने बावधनचं घर आवरताना ५.१चा रिसीव्हर (प्रत्येक स्पीकरला त्याचा आवाज वाटून देणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणि पाच स्पीकर आमच्याकडे टाकलेत, सबवूफरसकट. तो जोडायचा. रिसीव्हर २००८चा. मागे तीन एचडीएमआय आत, एक बाहेर, फक्त आवाजासाठी दोन ऑप्टिकल (प्रकाशावर चालणारी) आणि एक कोअ‍ॅक्सियल (तांब्याच्या वायरीचं), आणि लाल-पांढऱ्या भोकांची रांगच्या रांग. जागा बाजूच्या भिंतीवरच्या शोकेसमध्ये, कारण आईला टीव्हीखाली "तो काळा डबा" नको आहे. टीव्हीपासून शोकेसपर्यंत भिंतीच्या कडेने वायर न्यायची तर आठ मीटर.

खर्चाची मर्यादा बाबांनी घातली: दोन हजार. "नवीन साउंडबार आणायचा असता तर तुला कशाला बोलावलं असतं?"

आज फक्त कॅसेट डेक जोडून बघितला. बाबांच्या जुन्या नाट्यसंगीताच्या कॅसेट गेली आठ वर्षं गप्प होत्या. लाल-पांढरी वायर, दोन मिनिटं, पहिल्या झटक्यात आवाज. बाबा खूश. मीही. हे शेवटचं सोपं काम ठरणार होतं, हे तेव्हा कुठे माहीत.

मग त्याच उत्साहात शोकेसमधल्याच सेट-टॉप बॉक्सची लाल-पांढरी वायरही रिसीव्हरला लावली. आवाज आला, पण त्याखाली सतत घूंऽऽ. डिशची केबल उपटली की घूं बंद, लावली की सुरू. गच्चीवरची डिश, टीव्हीची तीन पिनांची प्लग, मधे सगळ्यांची धातूची आवरणं एकमेकांना जोडलेली. अर्थिंगला दोन वाटा झाल्या की त्या फेऱ्यातून मेन्सचा ५० हर्ट्‌झ फिरतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो इमानदारीने मोठा करून ऐकवतो. उपाय नंतर.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

कोजागिरीच्या जागरणानंतर ऑफिस, ऑफिसनंतर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली. गाडी लावायला जागा मिळाली ती थेट पासोड्या विठोबाच्या अलीकडे.

दहा मीटरची एचडीएमआय केबल हवी म्हटल्यावर दुकानदाराने जाडजूड, विणलेल्या सालीची एक काढली. "टू पॉइंट वन आहे, ताई. एट के चालतं."

केबलला आवृत्ती नसते. १.४, २.०, २.१ हे आकडे दोन टोकांच्या यंत्रांमधल्या नियमावलीचे. केबलची प्रतवारी वेगळी: स्टँडर्ड, हाय स्पीड, मग सेकंदाला १८ गिगाबिटची चाचणी झालेली प्रीमियम हाय स्पीड आणि ४८ गिगाबिटची अल्ट्रा हाय स्पीड. शेवटच्या दोन्हींच्या खोक्यावर स्कॅन करता येईल असं प्रमाणपत्राचं लेबल असतं. ते मागितल्यावर ते म्हणाले, "ते वेगळं येतं, ऑर्डर द्यावी लागेल." तरी साडेसहाशेला घेतली, नाही चालली तर परत घेण्याच्या बोलीवर. ऑप्टिकलचीही दहा मीटरची घेतली, साडेतीनशेला. ती घेताना का कोण जाणे, थोडं अपराधी वाटलं, जुनाट वस्तू घेतल्यासारखं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

गुरुवार, लाईट नाही. रिसीव्हरचं मॅन्युअल वाचलं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आजचा पूर्ण दिवस एका चुकीच्या गृहीतकात गेला. तपशीलवार लिहिते.

मनात चित्र असं होतं: स्टिक (इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारी, एचडीएमआयच्या भोकात बसणारी) आणि सेट-टॉप बॉक्स रिसीव्हरला, रिसीव्हरमधून एकच केबल टीव्हीला. आवाज रिसीव्हरने ठेवून घ्यायचा, चित्र पुढे पाठवायचं. मामाकडे असंच होतं.

जोडलं. चित्र आलं, आवाज आला, पाची स्पीकर बोलले. आई सोफ्यावर येऊन बसली सुद्धा. मग मी स्टिकच्या सेटिंगमध्ये डोकावले: १०८०पी. ४के हा पर्यायच दिसत नाही. एवढा जीएसटी वाचवून आणलेला टीव्ही, आणि चित्र जुन्या टीव्हीचंच.

एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी चित्र नेणाऱ्या पिना पहिल्या बारा. बाकीच्या बोलाचालीच्या. केबल लावली की स्टिक १८ नंबरच्या पिनेवर ५ व्होल्ट देते. पलीकडचं यंत्र १९ नंबरची पिन वर उचलून सांगतं, "मी आहे." मग १५ आणि १६ नंबरवरून स्टिक त्याची पत्रिका वाचते. तिला ईडीआयडी म्हणतात. आधी १२८ बाइट, मग गरजेप्रमाणे आणखी तुकडे: कोणती रिझोल्यूशन झेपतात, सेकंदाला किती फ्रेम, आवाजाचे कोणते प्रकार समजतात. त्यानंतर एचडीसीपीची देवाणघेवाण, म्हणजे "चोरून रेकॉर्ड करणारा नाहीस ना" याची खातरजमा.

मधे रिसीव्हर बसवला की या दोन्ही पायऱ्या त्याच्यामार्फत होतात. पैसे भरून बघायच्या सेवा ४के चित्रासाठी एचडीसीपी २.२ मागतात, आणि २.२ आलं २०१३ मध्ये. रिसीव्हर त्याच्या पाच वर्षं आधीचा, त्याला फक्त १.x येतं. ते सॉफ्टवेअरने शिकवता येत नाही, चिपच वेगळी लागते. साखळीत एक कडी जुनी, म्हणून स्टिकने सगळ्यांना झेपेल ते दिलं. तिच्या दृष्टीने बरोबरच आहे.

बिघाड कुठेच नाही, आणि हीच गोष्ट चिडचिड करणारी. २००२ च्या डिसेंबरमध्ये सात कंपन्यांनी मिळून एचडीएमआय १.० काढलं, तेव्हापासून भोकाचा आकार तोच आहे. बावीस वर्षांपूर्वीची प्लग आजच्या टीव्हीत बसते. पण बसणं वेगळं आणि जमणं वेगळं. जुन्या दिवसांत पिवळी वायर पिवळ्यात, लाल लालमध्ये. चुकलं तर लगेच कळायचं. आता सगळं बसतं, काहीतरी दिसतंही, आणि आपल्याला कमी मिळतंय हे सेटिंगमध्ये जाईपर्यंत कळत नाही.

बाबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या कॅसेटला पत्रिका लागली नाही."

रविवार, १२ ऑक्टोबर

दुसरा प्रयत्न. स्टिक शोकेसमध्येच, पण रिसीव्हर वगळून, दहा मीटरच्या नव्या केबलने थेट टीव्हीला. आता ४के, ६० हर्ट्‌झ, एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला), सगळे पर्याय हजर. आणि दर चार-पाच मिनिटांनी पडदा दोन सेकंद काळा.

आईला वाटलं लाईट जातेय.

स्टिक १०८०पीवर आणली की एकदाही काळा नाही. गणित असं: १०८०पी ६० हर्ट्‌झला पिक्सेल क्लॉक, म्हणजे ठिपके पाठवायचा वेग, १४८.५ मेगाहर्ट्‌झ; चित्र नेणाऱ्या वायरींच्या तिन्ही जोड्या मिळून सेकंदाला ४.४६ गिगाबिट. ४के ६० हर्ट्‌झला बरोब्बर चौपट, १७.८२ गिगाबिट. दोन मीटरवर तांब्याची साधी केबलही हे पेलते, दहा मीटरवर सिग्नल पार विरून जातो. मग टीव्हीचा ताळमेळ सुटतो, स्टिक सगळी बोलाचाल पहिल्यापासून करते, तेवढा वेळ अंधार. एवढ्या अंतरासाठी आत काचेचा तंतू असलेली एचडीएमआय केबल मिळते, तिची कोणती बाजू कुठे लावायची हे टोकांवर लिहिलेलं असतं. किंमत बाबांच्या मर्यादेबाहेर.

म्हणून दिशाच उलटी केली. स्टिक टीव्हीच्या मागे, तिच्या आखूड वायरीसह. सेट-टॉप बॉक्स टीव्हीखालच्या फळीवर, दीड मीटरच्या जुन्या केबलवर. चित्र टीव्हीतच संपतं. रिसीव्हरकडे फक्त आवाज जायचा.

आवाज परत न्यायला टीव्हीला दोन वाटा आहेत. एक एआरसी, दुसऱ्या नंबरच्या एचडीएमआय भोकावर तसं लिहिलंय. १४ आणि १९ नंबरच्या पिनांवरून आवाज उलट दिशेने येतो. पण एआरसी आलं २००९ मध्ये, एचडीएमआय १.४ सोबत. मामाचा रिसीव्हर एका वर्षाने चुकला. एक वर्ष! मॅन्युअलमध्ये तीनदा शोधलं, तरी नाहीच.

दुसरी वाट ऑप्टिकल. तोशिबाने १९८३ मध्ये काढलेली टॉसलिंक. लाल दिवा, एक मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा तंतू. एक टोक टीव्हीत घातलं, दुसऱ्या टोकाला लाल ठिपका दिसला, तो रिसीव्हरमध्ये गेला. आवाज लगेच. आणि घूं नाही. नसणारच, प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, त्यामुळे अर्थिंगचा फेरा पूर्णच होत नाही. पहिल्या दिवशीचा प्रश्न असा बसल्या जागी सुटला.

रिसीव्हरच्या पडद्यावर मात्र "पीसीएम". म्हणजे दोनच चॅनल. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट "ऑटो" होतं. स्टिकवरचे सिनेमे बहुतेक डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतात, ते ऑप्टिकलवरून जात नाही, आणि आमच्या टीव्हीने "ऑटो"मध्ये सोपा मार्ग धरून सरळ दोन चॅनल करून टाकले. ते "डॉल्बी डिजिटल" केल्यावर टीव्ही आतल्या आत रूपांतर करतो. रिसीव्हरवर डॉल्बीचा दिवा लागला, सेंटर स्पीकर बोलायला लागला. जास्तीत जास्त ६४० किलोबिटचं ५.१. टीव्हीला ईएआरसी पण आहे, म्हणजे ट्रूएचडीसारखे न कापलेले आवाजही तो सोडू शकेल. आमच्या हॉलमध्ये खालून रिक्षांचा आवाज येतो. ६४० किलोबिट पुरे.

तपकीर गल्लीतल्यांनी केबल परत घेतली, पैशांऐवजी दीड मीटरच्या दोन केबली आणि एक एक्स्टेंशन बोर्ड देऊन.

बुधवार, १५ ऑक्टोबर

ऑप्टिकल वायर जमिनीवरून लोळतेय, आई दोनदा अडखळली. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. घराचं काम झालं तेव्हा टीव्हीच्या भिंतीतून शोकेसकडे एक पाऊण इंची पाईप टाकलेला आहे, डिशच्या केबलसाठी. सेट-टॉप बॉक्स हलवल्यामुळे ती केबल काढून घेतली, पाईप मोकळा झाला.

"एचडीएमआय यातून जात नाही, ताई. टोक अडकतं. एक इंची हवा होता."

"ही घालून बघा ना, दादा." ऑप्टिकलचं टोक करंगळीच्या पेरापेक्षा थोडं मोठं. स्प्रिंगला बांधून ओढलं, दहा मिनिटांत पलीकडे. फक्त कोपऱ्यावर वायर काटकोनात मोडू नये म्हणून त्यांना दोनदा सांगितलं, प्लॅस्टिकचा तंतू एकदा मोडला की प्रकाश तिथेच सांडतो. केसिंग-पट्टीची गरजच पडली नाही. ४के केबल नेली असती तर भिंत फोडावी लागली असती.

जाताजाता ते म्हणाले, "जुनी टेक्नॉलॉजी आहे ना ही?" हो म्हटलं.

शनिवार, १८ ऑक्टोबर

धनत्रयोदशी. दिवे लावून झाल्यावर आईच्या मालिकेकडे वळले. सेट-टॉप बॉक्सवरून येणारा मालिकेचा आवाज स्टिरिओच आहे, त्यात सेंटर नाहीच. रिसीव्हरवर प्रो लॉजिक टू लावलं. दोन्ही बाजूंना जे सारखं आहे ते मधे, बाकीचं कडेला, असं ते वाटणी करतं. संवाद दोन्ही बाजूंना सारखेच असतात, म्हणून ते मधल्या स्पीकरवर येतात. मग सेंटरची पातळी ४ डेसिबलने वर. आई म्हणाली, "आता सासू काय पुटपुटते ते पण कळलं." माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातला सगळ्यात उपयोगी बदल हा, आणि त्याला एकही वायर लागली नाही.

पण ओठ आणि शब्द जुळत नव्हते. बातम्यांत स्पष्ट दिसत होतं. अंदाजाने न बदलता मोजायचं ठरवलं. टाळी वाजवतानाचा माझा व्हिडिओ स्टिकवर लावला आणि सोफ्यावरून फोनने सेकंदाला २४० फ्रेमने तो टीव्ही चित्रित केला. तळवे भेटल्यापासून आवाजाचा उंचवटा येईपर्यंत २२ फ्रेम. एक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंद, म्हणजे आवाज ९२ मिलिसेकंद उशिरा.

रिसीव्हरच्या मेनूत "ऑडिओ डिले" उघडलं तर तिथे ८० घातलेले! मामाचा प्रोजेक्टर चित्र उशिरा दाखवायचा, म्हणून त्याने आवाज मुद्दाम थांबवला असणार. शून्य केलं, पुन्हा मोजलं: ३ फ्रेम. स्पीकर ते सोफा तीन मीटर, तेवढं अंतर यायला आवाजालाच ९ मिलिसेकंद लागतात. उरलं ते कोणाला कळणारही नाही.

सोमवार, २० ऑक्टोबर

पहाटे अभ्यंगस्नान, फराळ, मग रिमोट.

आता हॉलमध्ये रिमोट चार: टीव्ही, सेट-टॉप, स्टिक, रिसीव्हर. ऑप्टिकलवरून फक्त आवाज जातो, हुकूम जात नाहीत. एचडीएमआयवर ते काम १३ नंबरच्या पिनेवरचं सीईसी करतं. एकाच रिमोटने सगळ्यांचा आवाज, सगळ्यांचं चालू-बंद. प्रत्येक कंपनीने त्याला आपलं नाव दिलंय, कुणी सिंपलिंक, कुणी ब्राव्हिया सिंक, कुणी अ‍ॅनीनेट प्लस, म्हणून लोकांना ते वेगवेगळं वाटतं. गंमत म्हणजे शेजारच्या पिनांवरून सेकंदाला अब्जावधी बिट जात असताना ही एक वायर सेकंदाला जेमतेम चारशे बिट नेते. आवाज एक पायरी वाढवायला तेवढं पुष्कळ.

आईने सकाळीच जाहीर केलं: "मी एकच उचलणार. दुसरा शोधायला लावलास तर जुना टीव्ही परत आण."

एआरसीची दिशा ओळखून ऑप्टिकल काढून देणारी छोटी डबी मिळते. पण तीही मला नकोच होती, कारण तिने हुकूम रिसीव्हरपर्यंत पोचलेच असते असं नाही. रिसीव्हरला सीईसी कळत नाही.

त्याला इन्फ्रारेड मात्र कळतं. सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवर वरच्या बाजूला शिकणाऱ्या कळा आहेत, टीव्हीच्या रिमोटची नक्कल करायला दिलेल्या. मी त्यांच्यासमोर टीव्हीऐवजी रिसीव्हरचा रिमोट धरला. आवाज वर, आवाज खाली, गप्प, चालू-बंद. चार कळा, पाच मिनिटं. सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकणारा न दिसणारा दिवा, आणि काम झालं. स्टिकच्या रिमोटमध्ये तर रिसीव्हरच्या कंपनीचे कोड आधीच होते. शोकेसची काच मधे आहे, तिचा अडथळा होत नाही, फक्त पुढे ठेवलेली शंकराची मूर्ती थोडी सरकवावी लागली. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर मेनूतून बंद केले.

मालिकेला एक रिमोट, सिनेमाला दुसरा. टीव्हीचा आणि रिसीव्हरचा खणात.

मधेच बाबांनी जुना डीव्हीडी प्लेअर पण आणून ठेवला, "आता हाही लाव." कोअ‍ॅक्सियलची केसरी वायर घरात नव्हती. खणातली पिवळी व्हिडिओची वायर लावली. दोन्ही ७५ ओहमच्या, रंग सोडला तर फरक नाही. चालला.

खर्च: ऑप्टिकल ३५०, आधीची केबल ६५० (बदल्यात दोन केबली, एक बोर्ड), इलेक्ट्रिशियन ४००. एकूण १४००. बाबांनी सहाशे परत मागितले.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

भाऊबीज. ओवाळून झाल्यावर मामा सरळ शोकेसकडे गेला, काच उघडली, रिसीव्हरवरून हात फिरवला. सिनेमा लावला. पाच मिनिटं डोळे मिटून ऐकला. मग त्याचा रिमोट मागितला, आम्ही खणातून काढून दिला, आणि तो मेनूत शिरला.

"डिलेचे ऐंशी कुणी काढले गं?"

"मी. आवाज मागे पडत होता."

"अगं, ते मी अख्खी रात्र जागून लावले होते!"

"तुझा प्रोजेक्टर होता, मामा."

तो जरा वेळ गप्प राहिला. "तो तर मी विकला," म्हणाला, आणि बाबांना कॅसेट लावायला सांगितली.